आत्या आणि न पाहिलेले चौसष्ट शर्ट

माझी आत्या कुठलाही कपडा आधी उलटा करते. समोरून तो कसा दिसतो, याच्याशी तिला पहिली पाच मिनिटं काही घेणंदेणं नसतं. दुकानात गेलो की ती हँगरवरचा महागडा कोट काढते, बाह्या आत खेचते, अस्तराची शिवण बोटानं चाचपते आणि विक्रेता धावत येईपर्यंत निकाल देऊन मोकळी होते. एकदा दातांच्या डॉक्टरांनी तिचा अर्धा जबडा बधिर केला होता, ते तिच्या तोंडात आरसा घालून वाकले होते, आणि या बाईनं त्यांच्या पांढऱ्या कोटाचा खिसा दोन बोटांत धरून ठेवला. तोंड मोकळं झाल्यावर पहिलं वाक्य दाताबद्दल नव्हतंच. "खिशाच्या कोपऱ्याला टाका नाही घातलेला. पेन ठेवू नका, फाटेल." डॉक्टर हसले. पुढच्या खेपेला गेलो तेव्हा खिसा फाटलेला होता. आत्या इतकी खूश झाली, की आपण दाढ काढायला आलोय हे तिच्या गावीही नव्हतं.

एकतीस वर्षं ती कपड्यांच्या कारखान्यात शेवटच्या टेबलावर होती. कापणारे, शिवणारे, काजं करणारे, बटणं लावणारे असे सगळे हात फिरून झाले की माल या टेबलावर येतो. तिथं बसलेली बाई तो उलटसुलट बघते, लोंबणारे दोरे छोट्या कात्रीनं कापते आणि पुढे सरकवते, नाहीतर परत पाठवते. तिकडे तिचं नाव 'दुर्बीण' पडलं होतं. निवृत्त झाल्यावर ती आमच्या मागच्या खोलीत राहायला आली. बाबांना वाटलं, बहीण आता आराम करेल. बहिणीनं पहिल्याच आठवड्यात त्यांचे सगळे सदरे कपाटातून काढले आणि तीन बाद ठरवले.

मी तिची एकुलती एक भाची. आठ वर्षं औषधांच्या खोक्यांवरची चित्रं काढून कंटाळले आणि नोकरी सोडली. मला खुर्च्या काढायला आवडतात. रिकाम्या खुर्च्या. न्हाव्याची, टेलिफोन ऑपरेटरची, शाळेच्या शिपायाची, ज्यांच्यावर कोणी एक माणूस वर्षानुवर्षं बसलं आणि मग उठून गेलं. बारीक रेघांत काढलेल्या या खुर्च्या मी जाड, मऊ, चांगल्या सुती शर्टांवर छापून विकणार होते. किंमत बाजारापेक्षा तिप्पट. घरच्यांनी कपाळाला हात लावला, पण आश्चर्य म्हणजे ऑनलाइन दुकान उघडायच्या आधीच चौसष्ट जणांनी नावं नोंदवून पैसेही भरले. त्यातले निम्मे अनोळखी होते. मी त्यांना शर्ट पोचवायला महिन्याची पहिली तारीख देऊन बसले.

"माल कुठे ठेवणार?" आत्यानं विचारलं. तिची नजर तिच्या खोलीतल्या रिकाम्या कोपऱ्यावर होती, तिला वाटलं तिथे गठ्ठे येणार.

"माल नसतोच. ऑर्डर आली की पुरवठादार तेवढा एकच शर्ट छापतो आणि परस्पर गिऱ्हाइकाच्या घरी पाठवतो. गळ्याच्या आत माझं नाव छापून."

"आणि तू बघणार कधी?"

"नाही बघणार."

आत्या भाजी निवडत होती, ती थांबली. "म्हणजे नाव तुझं, पैसे तू घेतलेस, आणि शर्ट तू बघितलेलाच नाही?"

"हो. सगळे असंच करतात हल्ली."

"बघतं कोण मग?"

तोपर्यंत मी छपाईचा रंग, कापडाचं वजन, दर आणि दिवस एवढंच बघितलं होतं. आता मात्र तो प्रश्न मला सोडेना. ज्याचं तोंड मी कधी बघणार नाही, ज्याच्या हातातून निघालेली वस्तू माझ्या हाताला कधी लागणार नाही, त्याच्यावर विश्वास टाकायचा तो कशाच्या जोरावर? पहिले चौसष्ट शर्ट गचाळ गेले, की तिप्पट किंमत लावणाऱ्या बाईचं नाव चौसष्ट घरांत खराब होणार. दुसरी संधी कोणी देत नाही. आत्याला मी म्हटलं, "तूच निवड आता." तिला तेच हवं होतं.

अकरा पुरवठादारांना मी पत्रं लिहिली, त्यातले तीन उरले. त्यांना आम्ही घरगुती नावं ठेवली. पहिले चकचकीत, कारण त्यांची वेबसाइट इतकी गुळगुळीत होती की डोळा घसरावा. दुसरे घाईवाले, त्यांना प्रत्येक गोष्ट उद्या हवी असायची, आपलं उत्तरसुद्धा. तिसरे मुके. मी त्यांना पंधरा प्रश्नांचं लांबलचक पत्र पाठवलं होतं, त्याला आलेलं उत्तर होतं, "नमुना पाठवतो. बघा." एवढंच. मला असल्या लोकांचा राग येतो. आत्याला ते उत्तर आवडलं.

तिघांकडून न्हाव्याच्या खुर्चीचे काळे शर्ट नमुन्याला मागवले आणि आमच्या जेवणाच्या टेबलावर प्रयोगशाळा सुरू झाली. आत्यानं आधी वास घेतला. काळ्या कापडावर छापण्याआधी एक द्रव फवारतात, तो नीट वाळवला नाही तर आंबूस वास राहतो, हे मला तेव्हा कळलं. मग तिनं प्रत्येक शर्टाच्या आतून खडूनं खूण करून चारही कोपऱ्यांत टाका घालून एक चौकोन आखला, हातभर पट्टीनं मोजला, आणि शर्ट पाच वेळा धुऊन पुन्हा मोजला. कापड किती आटलं, ते चौकोन सांगतो. धुतल्यावर बाजूची शिवण फिरून पोटावर येते का, तेही बघितलं.

"शिवण फिरते?"

"कापड तिरकं कापलं की फिरते. घालणाऱ्याला कळत नाही काय चुकतंय. तो दिवसभर शर्ट ओढत बसतो आणि वाटतं, आपलंच पोट सुटलंय."

बाबांनी हे ऐकून आपल्या सदऱ्याकडे नवीन आशेनं बघितलं.

मी संगणकावर तक्ता केला. वास, आटणं, शिवण, छपाई, दोरे, प्रत्येकाला दहापैकी गुण. आत्या मांडीवर टॉवेल पसरून शर्ट तपासायची आणि मी आकडे भरायची. ती तक्त्याला नाकं मुरडायची खरी, पण आकडे तिचेच होते. दोऱ्यांच्या रकान्यात तिघांनाही दहापैकी दहा पडले. एकाही शर्टाला एकही लोंबता दोरा नव्हता. मला नवल वाटलं, पण बरंही वाटलं. बाकीच्या रकान्यांत थोडं इकडेतिकडे होऊन चकचकीत दीड गुणानं पुढे निघाले. शिवाय त्यांचा शर्ट दोन दिवसांत निघत होता. मी त्यांना तोंडी हो म्हणून टाकलं. सोमवारी करारावर सही करायची होती.

शनिवारी आत्या आंघोळीला गेली होती आणि मी टेबल आवरत होते. खुर्चीवर तिचा टॉवेल होता. झटकायला उचलला तर त्यातून काळे दोरे पडले. एखाददुसरा नव्हे, चांगला चिमूटभर पुंजका. मी तो तळहातावर घेऊन उभी राहिले. आत्या केस पुसत बाहेर आली.

"आत्या, हे काय?"

"दोरे."

"कुठले?"

"कुठले म्हणजे? शर्टांचे..."

"तू कापलेस?"

"मी कशाला कापू?"

"मग आपोआप गळले?"

तिनं टेबलावरचा एक शर्ट उचलला, मला दाखवायला म्हणून. डाव्या हातानं उलटा केला, आणि उजवा हात गाऊनच्या खिशात गेला, छोटी कात्री घेऊन बाहेर आला, काखेतल्या शिवणीपाशी थांबला. तिथं कापायला काही उरलेलं नव्हतं. आत्यानं त्या हाताकडे असं बघितलं, जसा तो शेजारणीचा असावा.

मी चिडले. खोटं कशाला सांगू, खूप चिडले. "अगं, मी दहापैकी दहा दिलेत तिघांना! कोणी कसा माल पाठवला तेच बघायचं होतं आपल्याला, आणि तू तो दुरुस्त करून ठेवलास?" तिन्ही शर्ट काळे, दोरेही काळे. कोणाचे किती, ते कळायला काही मार्ग नव्हता. टॉवेल त्याआधी तिनं स्वतःच दोनदा झटकला होता.

आत्या खुर्चीवर बसली. केसांतून पाणी ठिबकत होतं, तिकडे तिचं लक्ष नव्हतं. "मला कळलंच नाही गं," ती म्हणाली. "डोळ्यांना दिसायच्या आधी हात कापून मोकळा होतो. मला वाटलं, माल चांगला आहे."

माझा राग तिथेच विरला, पण तिचा स्वतःवरचा राग आत्ता कुठे सुरू होत होता. "तिकडेही हेच करायचे मी. वहीत लिहायचं ते मोठ्या चुकांचं. दोऱ्यांचं कोण लिहितंय? कापायचे नि पुढे सरकवायचं. कुठल्या मशीनवरून येतात ते दोरे, कोणाचा हात सुटतोय, कुणाला कधी समजलंच नाही. मी लपवत होते की गं सगळं. आणि मला वाटायचं, आपण काम चोख करतोय." मग एकदम म्हणाली, "मला यातून काढ. माझ्या हातावर तू चौसष्ट शर्ट सोडू नकोस."

मी तिला काढलं नाही. सोमवारी चकचकीतांना कळवलं की सही आठवडाभर पुढे ढकलतेय. त्यांच्या गुळगुळीत आवाजाला पहिल्यांदाच थोडी खरखर आली. आणि मग आम्ही जे आधी करायला हवं होतं ते केलं. नमुना म्हटला की प्रत्येक जण नटूनथटून पाठवणार, म्हणून यावेळी नमुना मागितलाच नाही. दुकान अजून उघडलेलं नव्हतं, पण आतून ऑर्डर टाकता येत होती. खालच्या मजल्यावर पियानो शिकवणाऱ्या बाई राहतात. त्यांच्या नावानं, त्यांच्या पत्त्यावर तिघांकडेही एकेक शर्ट सांगितला. यावेळी चित्र नवीन होतं, शिंप्याचं चार पायांचं स्टूल. चौसष्टांपैकी एकवीस जणांनी तेच निवडलं होतं.

पियानोच्या बाईंना या कटात इतका रस आला की पाकीट आलं की त्या शिकवणी थांबवून वर यायच्या. आधी घाईवाल्यांचं आलं, दुसऱ्या दिवशी चकचकीतांचं. आत्यानं कात्री बाबांच्या ताब्यात दिली होती. तरीही तिचा स्वतःवर भरवसा नव्हता, म्हणून तिनं स्वयंपाकघरातले ओव्हनमधून गरम भांडी काढायचे जाडजूड हातमोजे चढवले, त्यावर फुलं होती. त्या अवतारात ती टेबलाशी बसली, मी शर्ट उलटा करून धरायचा आणि तिनं बोलायचं.

"डावी काख, दोन. गळा, एक. खालचा काठ... थांब, तिकडे उजेडात धर. तीन. नाही, चार."

घाईवाले अकरा. चकचकीत सतरा, आणि एक धुणं झाल्यावर त्यांची शिवण चक्क पोटाकडे निघाली होती. नमुन्याचा शर्ट आणि हा शर्ट एका घरचे वाटत नव्हते. मी त्या नटवलेल्या नमुन्यावर विश्वास ठेवून सही करायला निघाले होते, या विचारानं माझं धाबं दणाणलं.

"मुक्यांचा कुठाय?" पियानोच्या बाईंनी विचारलं.

मुक्यांचा आलाच नव्हता. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. पहिली तारीख जवळ येत चालली होती आणि मी तक्त्यात त्यांच्या नावापुढे शून्य भरून टाकलं. चौथ्या दिवशी त्यांचं पत्र आलं. "स्टुलाचा चौथा पाय फिका येतो. चार वेळा काढून पाहिला. चूक आमची की तुमची? – तपासणी."

मी माझं मूळ चित्र उघडलं. तो पाय काढताना मागची रेघ दिसावी म्हणून मी त्याची शाई तात्पुरती अर्धी केली होती, आणि परत पूर्ण करायला विसरले होते. चूक आमचीच होती. माझी होती. टेबलावरचे दोन शर्ट सुलटे केले. दोन्हींवरही स्टूल तीन पायांवर उभं होतं, चौथा असून नसल्यासारखा. दोघांनीही निमूट छापून पाठवला होता. आणि आम्ही? आम्ही दोघी आणि पियानोच्या बाई, सहा डोळे, कपडा उलटा करून दोरे मोजत बसलो होतो. समोरून बघायचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

आत्या इतकी हसली की हातमोज्यांनीच डोळे पुसायला लागली. कित्येक दिवसांनी हसत होती. मग थांबून तिनं पत्राच्या शेवटच्या शब्दावर मोजा ठेवला. "ही कोण?"

"तपासणी? विभाग असेल."

"विभाग चार वेळा काढून बघत नाही. बाई आहे."

चित्र दुरुस्त करून पाठवलं. मुक्यांचा शर्ट तीन दिवसांनी आला. एक दोरा, उजव्या बाहीच्या काठाला. आत्याला तो बघून बरं वाटलं. एकही नसता तर आपल्याला संशय आला असता, म्हणाली. पाचव्या धुण्यानंतरही शिवण जागच्या जागी होती. स्टूल चारही पायांवर उभं होतं.

अडचण एकच होती, आणि ती लहान नव्हती. चकचकीत चौसष्ट शर्ट दोन दिवसांत काढून देत होते. मुके किती दिवस लावतील त्याचा नेम नाही, आणि मी पहिली तारीख लेखी दिलेली. पहिल्याच ऑर्डरला उशीर करणारी बाई म्हणूनही नाव खराब होतंच की. मी सकाळभर खोलीत येरझाऱ्या घातल्या. आत्या एरवी न विचारता दहा सल्ले देते, त्या दिवशी तिनं एकही दिला नाही. शेवटी मी म्हटलं, "आत्या, त्यांना फोन लावते. तू बोल."

"मी काय बोलू? धंदा तुझा."

"तुला जे विचारायचंय ते विचार."

फोन मुक्यांनी उचलला. मी स्पीकर लावला आणि म्हटलं, तपासणीला द्या. मागून यंत्रांची घरघर येत होती, पावलं वाजली, मग एका बाईचा आवाज आला, जरा घाबरलेला. "बोला. शर्टात काही निघालं का?"

"नाही ओ, शर्ट छान आहे," आत्या म्हणाली. तिनं केस सारखे केले, जसं काही समोरचीला दिसणार होतं. "मी पण याच कामातली. एक विचारू? दोरे कापता, ते लिहून ठेवता का कुठे?"

"हो, भिंतीवर कागद लावलाय. कुठल्या मशीनचा किती, खुणा करते. मग शनिवारी त्या माणसाला दाखवते. चिडतात आधी."

आत्यानं डोळे मिटले. मग म्हणाली, "ताई, आमचे चौसष्ट शर्ट आहेत. तुमच्या हातून सुटले की थेट लोकांच्या घरी. मध्ये आम्ही नाही. तुमच्यानंतर बघणारं कोणी नाही."

"बरं."

"दिवसाला किती काढाल? नीट बघून?"

"मला विचारताय?"

"तुम्हालाच."

"ते वरून ठरतं ओ. किती काढायचे ते आम्हाला सांगतात."

"वरच्यांशी माझी भाची बोलेल. तुमच्या डोळ्यांना किती झेपतील, ते सांगा."

ती बाई मनात काहीतरी मोजत असावी. "बाकीची कामं धरून... आठ," ती म्हणाली, आणि लगेच, "नऊसुद्धा होतील, घाई असेल तर."

आत्यानं माझ्याकडे बघितलं. चौसष्ट भागिले आठ, शिवाय पोचायचे दिवस. पहिली तारीख हातातून गेली होती. मी मान डोलावली.

"आठच काढा," आत्या म्हणाली.

तिनं फोन ठेवला. मला वाटलं, खूश असेल. बघते तर रडत होती, आणि लपवायचा प्रयत्नही करत नव्हती.

"तासाला नव्वद होते आमच्याकडे," ती म्हणाली. "कोणी ठरवले होते, मला शेवटपर्यंत माहीत नाही. मी काढायची नव्वद. कोणी विचारलं असतं ना, तर मी चाळीस म्हटलं असतं."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि दुसऱ्या हातानं संगणक पुढे ओढला. चौसष्ट जणांना कळवायचं होतं की शर्ट उशिरा येतील. कारण काय लिहू, मी विचारलं. आत्यानं नाक पुसलं.

"लिही, एक बाई दिवसाला आठच बघतात. ज्याला थांबायचं नसेल, त्याचे पैसे परत देऊ."

मी तसंच लिहिलं आणि पाठवून दिलं.